मोजायची राहिलेली कंबर

हॉस्पिटलात तिला सगळे मॅडम म्हणायचे. घरी ती चिंगी होती. वडील गेले तेव्हा ती शाळेत जात होती, दादा नुकताच वडिलांच्या काचेच्या दुकानात उभा राहायला लागला होता, आणि लग्न होऊन आलेल्या वहिनीने नव्या घरात सगळ्यात आधी काय केलं असेल, तर या रडव्या पोरीचे केस विंचरायला घेतले. पुढे पोर डॉक्टर झाली, मधुमेहाच्या विभागात लागली, वेगळं घर करून राहिली, तरी चिंगी हे नाव काही सुटलं नाही. पांढरा कोट चढवून ती वॉर्डातून निघाली की शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटत; आणि रविवारी दुकानावरच्या घराच्या जिन्यात तिची पावलं वाजली की दादा आतून ओरडे, "चिंगी आली गं, चहा टाक!"

तिच्या विभागात तेव्हा एक अभ्यास चालू होता. विचारायला सोपा, पण उत्तर काढायला किचकट. माणूस जाड आहे म्हणजे नक्की काय, आणि ते कशाने मोजलं तर त्याला मधुमेह होण्याचा धोका जास्त नीट ओळखता येतो? एक मोजमाप नेहमीचं, वजन आणि उंची यांचं गणित. दुसरं नुसती कंबर. तिसरं कंबर आणि नितंब यांचं प्रमाण. आणि चौथं, कंबर आपल्या उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का कमी. येणाऱ्या प्रत्येकाची चारही मापं घ्यायची, रक्तातली साखर तपासायची, आणि कोणत्या मापाचा अंदाज किती खरा ठरतो ते पडताळायचं.

मोजायची खोली जिन्याखाली होती. एक वजनकाटा, भिंतीला ठोकलेली उंचीची पट्टी, हिरवा पडदा, आणि चिंगीच्या गळ्यात टेप. लोक पडद्याआड आले की आपोआप पोट आत ओढायचे. पुरुष तर जरा जास्तच.

"पोट सोडा काका, इथे फोटो काढायचा नाहीये," ती म्हणायची. मग काका ओशाळून हसत आणि पोट हळूच आपल्या जागी येई. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, दोन्हींच्या मधोमध टेप धरायची, आवळायची नाही, श्वास सोडू द्यायचा आणि मग आकडा वाचायचा. तिचा हात त्यात इतका बसला होता की शिकाऊ पोरं बघायला उभी राहत.

आणि हळूहळू चित्र दिसायला लागलं. हातापायांनी काटक पण पोट सुटलेली माणसं वजनाच्या गणितात मजेत पास होत होती आणि रक्त तपासलं की साखर डोक्यावरून वाहत होती. उलट मांड्यांनी, नितंबांनी भरलेल्या कितीतरी बायका वजनात साफ नापास, आणि रक्त मात्र स्वच्छ. नेहमीच असं नव्हे, पण दुर्लक्ष करता येणार नाही इतक्या वेळा.

"वजन किती ते काटा सांगतो," विभागाचे सर म्हणाले, "पण चरबी बसलीय कुठे, ते त्याच्या बापालाही सांगता येत नाही. पोटात आतड्यांभोवती बसलेली चरबी वेगळी आणि मांडीवरची वेगळी. मॅडम, हे तुम्ही परिषदेत मांडायचं."

चिंगी खूश झाली. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण संध्याकाळी कोट खुंटीला अडकवताना ती बहुतेक हे शहाणपणही तिथेच अडकवून घरी जात असावी.

कारण घरी होती वहिनी.

वहिनी ऐसपैस बाई. बसली की खुर्ची भरून बसायची, हसली की खांद्यापासून पावलांपर्यंत हसायची. दुकानातल्या मोठमोठ्या काचा दादाबरोबर तीच उचलायची. कामाला बघाल तर वारा. पण तिची आई मधुमेहाने गेली होती, आणि चिंगीने मनाशी पक्कं केलं होतं की वहिनीला त्या वाटेने जाऊ द्यायचं नाही. हेतू चांगलाच होता. आईसारखं वाढवणाऱ्या बाईची काळजी कुणाला नसते? पण काळजीने कधी सत्ता हातात घेतली ते चिंगीला कळलं नाही. एका वाढदिवसाला तिने वहिनीला वजनकाटाच भेट दिला. वहिनीने कागद सोडला, काट्याकडे बघितलं, आणि "छान आहे," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी जेवणाआधी वहिनी काट्यावर उभी राही आणि चिंगी वाकून आकडा मोठ्याने वाचे. दादा असायचा, शेजारीण आलेली असली तर तीही असायची.

"वहिनी, पाव किलो वाढलंय. काय चोरून खाल्लंस?"

"पाणी प्यायले गं आत्ता."

"पाण्याने वाढत असतं तर सगळ्या म्हशी झाल्या असत्या."

दादा खो खो हसे. शेजारीणही हसे. वहिनीही हसे, पण ते हसणं गळ्याच्या खाली उतरत नसे.

मग जेवण. चिंगी वहिनीच्या ताटातले तळलेले बटाटे मोजून काढायची, लोणी बाजूला करायची, केकचा तुकडा अर्धा करायची. काढलेलं जायचं कुठे? दादाच्या ताटात.

"द्या, द्या," दादा म्हणायचा. "अन्न वाया घालवू नये. हे काडीपैलवान बघा, काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही."

आणि खरंच दादा काडीच होता. मनगटं पोरासारखी, पाय बगळ्यासारखे. फक्त मध्ये, शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी, फुटबॉल लपवून आणल्यासारखं पोट. वहिनी त्याला गमतीने म्हणायची, "कितवा महिना?" आणि चिंगीसुद्धा हसायची. लोकांच्या कमरा मोजून जिची बोटं झिजली होती तीच.

त्या वर्षी दादा आणखी बारीक झाला. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. जेवताना तो जवळ पाण्याचा जग घेऊन बसायचा आणि एकट्याने संपवायचा. "काचेची धूळ घशात जाते," म्हणायचा. दुकानात जाड तळव्याचे बूट घालायचा ते सोडून चपलेवर आला होता, कारण म्हणे बुटात पाय भाजल्यासारखे होतात.

एका रविवारी चिंगी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "वा दादा! या वयात वजन उतरवलंस? वहिनी, बघ जरा, शिक नवऱ्याकडून."

दादा हसला. त्याने जगमध्ये उरलेलं पाणी पेल्यात ओतलं.

अभ्यासासाठी आणखी माणसं हवी होती, तेव्हा तिने वहिनीला गळ घातली. वहिनी आधी नाहीच म्हणाली. "घरात मोजतेस तेवढं पुरे नाही का? आता हॉस्पिटलात चारचौघांत?" पण चिंगीने हट्ट धरला आणि चिंगीचा हट्ट वहिनीने लहानपणापासून पुरवला होता. ती आली, आणि सोबत दादा आला.

जिन्याखालच्या खोलीबाहेर बाकावर रांग होती. वहिनीचा नंबर आला तेव्हा दादाही उठून उभा राहिला.

"चिंगे, माझीही मोज की कंबर. आलोच आहे तर."

"तू काय करणार मोजून? काडीला कंबर असते का?" चिंगी घाईत होती. "दादा, लोक खोळंबलेत. तू बाहेर बस."

"बरं बाई," म्हणून दादा खाली बसला. मग म्हणाला, "प्यायचं पाणी कुठे आहे इथे?"

तिने बोटाने कोपरा दाखवला आणि पडदा ओढला.

वहिनीचा निकाल आला तो असा: वजनाच्या गणितात ती भलतीच वर. कंबर उंचीच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त, म्हणजे धोका अजिबात नाही असंही नाही. पण कंबर आणि नितंब यांचं प्रमाण चांगलं, आणि रक्तातली साखर अगदी निरोगी माणसाची. चिंगीने कागद दोनदा वाचला. प्रयोगशाळेत जाऊन विचारलं, नमुना बदलला तर नाही ना? वहिनीला पुन्हा उपाशी पोटी बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच.

"मग?" वहिनीने विचारलं. "साखर नाही ना मला?"

"नाही," चिंगी म्हणाली. "सध्या तरी नाही."

आणि तिच्या स्वरात जे होतं ते समाधान नव्हतं. बाजी हरल्यावर माणूस जसं बोलतो तसं ते बोलणं होतं. वहिनीने तिच्याकडे एक क्षण रोखून बघितलं. मग पर्स काखोटीला मारून निघून गेली. त्या बघण्याचा अर्थ चिंगीला तेव्हाच कळला होता. पण तिने तो कळून घेतला नाही.

वसंतात परिषद झाली. चिंगी व्यासपीठावर उभी राहिली आणि आकड्यांचे आलेख पडद्यावर लावून तिने ठासून सांगितलं, "केवळ वजन बघून रुग्णाला घरी पाठवू नका. आमच्या अभ्यासात कंबर आणि उंचीचं प्रमाण सगळ्यांत पुढे राहिलं. सडपातळ दिसणाऱ्या माणसाचं पोट बघा. टेप काढा, ती वापरा." टाळ्या पडल्या. सरांनी तिचा हात हातात घेतला. दोन दिवस ती हवेत होती.

त्याच आठवड्यात दुपारी वहिनीचा फोन आला. वहिनी कधी कामाच्या वेळी फोन करायची नाही.

"चिंगे, येतेस का? यांच्या पायात काच घुसलीय. आणि यांना ती लागलीच नाही."

"लागली नाही म्हणजे?"

"म्हणजे हे चालतायत गं त्या काचेवर. कधीपासून कुणास ठाऊक. मी जिना पुसत होते, प्रत्येक पायरीवर डाग. म्हटलं हे काय सांडलं. तर हे वर चढून गेलेले. मोजा काढला तर..." वहिनीचा आवाज चिरला. "वास येतोय चिंगे."

चिंगी पोचली तेव्हा दादा पुन्हा खाली दुकानात, काचा कापायच्या गालिचा घातलेल्या टेबलाजवळ स्टुलावर बसला होता आणि एका माणसाला आरसा परवा देतो म्हणून सांगत होता. माणूस गेल्यावर त्याने पाय पुढे केला. करंगळीच्या मुळाशी नखाएवढी काच रुतून बसली होती. भोवती बोट काळंनिळं, आणि सूज घोट्यापर्यंत. चिंगीने पेन काढून त्याच्या तळव्याला टोक लावलं.

"कळतंय का?"

"कधी लावणार आहेस?"

"लावलंय दादा."

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने पिशवीतून साखर तपासायचं यंत्र काढलं, ज्याची तिच्या पिशवीत सदैव जागा असे आणि जे या घरात दादासाठी कधीच बाहेर निघालं नव्हतं. दादाचं बोट धरलं. रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. त्याला दाखवता येतं त्याच्या पलीकडे साखर गेली होती.

"काय आलं?" वहिनीने विचारलं.

गेली दोन वर्षं ज्या बाईचा आकडा चिंगी दर रविवारी खणखणीत आवाजात वाचत आली होती, तिला आता हा सांगायला तिच्या तोंडून शब्द फुटेना. "गाडी बोलाव," ती एवढंच म्हणाली.

दादाला तिच्याच विभागात भरती केलं. शिकाऊ डॉक्टरने कागद भरला. उंची, वजन, दोन्हींचं गणित. "योग्य मर्यादेत," तो तोंडाने म्हणत लिहीत होता. "बांधा सडपातळ." चिंगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. परिषदेतल्या टाळ्या तिच्या कानात वाजायला लागल्या, आणि त्या थांबेनात.

"थांब," ती म्हणाली. "दादा, जरा उभा राहशील? मला धर."

दादा एका पायावर भार देऊन तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला. तिने टेप काढली. शेवटची बरगडी, कमरेचं हाड, दोन्हींच्या मधोमध. टेप त्याच्या पाठीमागून फिरवताना तिला त्याला मिठी मारल्यासारखे हात घालावे लागले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की लहानपणानंतर आपण दादाच्या इतक्या जवळ आज आलो. कंबर उंचीच्या निम्म्याहून चांगली चार बोटं जास्त. तीही एवढं वजन उतरून गेल्यावर. आधी किती असेल? हे कळायला टेपसुद्धा लागत नव्हती. कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं. दिसत होतंच. त्यावर विनोद होत होते.

"काय म्हणते काडीची कंबर?" दादाने विचारलं.

तिने त्याला हळूच बसवलं, पांघरूण सारखं केलं आणि बाहेर येऊन हात धुवायच्या बेसिनचा नळ सोडून उभी राहिली.

करंगळी वाचली नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की बोटावर निभावलं हे नशीब, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दाखवले. म्हणजे साखर आजकालची नव्हती, कितीतरी वर्षांची होती. डोळे मिटले की चिंगीला ती वर्षं रविवारांच्या ओळीसारखी दिसत: टेबल, ताटं, आणि प्रत्येक वेळी तिचाच हात एका ताटातून काढतोय आणि काढलेलं दुसऱ्या ताटात जातंय.

चौथ्या की पाचव्या दिवशी दादा उशीला टेकून बसला होता. खिडकीतून ऊन आलं होतं. वहिनी घरी कपडे बदलायला गेली होती. चिंगीने पट्टी बदलली आणि खाली मान घालून म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू म्हणालास, माझीही मोज. मी तुला बाकावर बसवलं."

"अगं, गर्दी होती."

"गर्दी होती म्हणून नाही. तू बारीक आहेस म्हणून. आणि तुझं वजन उतरत होतं तेव्हा मी शाबासकी दिली. डॉक्टर आहे मी! पाण्याचा जग माझ्या डोळ्यांसमोर रिकामा होत होता."

दादा चादरीचा काठ बोटांनी दुमडत, उलगडत राहिला. काचेवर काम करणाऱ्या माणसाची बोटं, जुन्या बारीक कापांनी भरलेली.

"चिंगे, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"मला अंदाज होता. बायकोच्या आईचं मी बघितलं होतं ना, तहान, सारखं लघवीला जाणं. सगळं तसंच होतं. म्हटलं, विचारावं चिंगीला."

"मग विचारलं का नाहीस?"

दादा कसनुसा हसला. "भीती वाटली."

"साखरेची?"

"तुझी." तो पटकन म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "म्हणजे तुझी नव्हे गं. पण हिचं काय होतं दर रविवारी ते बघत होतो ना मी. हसत होतो तोंडाने. पण मनात म्हणायचो, उद्या मी सापडलो तर त्या काट्यावर मी उभा असेन. मला ते नको होतं. त्यापेक्षा काडीपैलवान बरा. म्हणून त्या दिवशी रांगेत विचारलं, थट्टेत विचारतात तसं. म्हटलं, सहज निघालं तर निघू दे. तू नाही म्हणालीस आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं झालं."

चिंगीने ऐकून घेतलं. आतापर्यंत तिला वाटत होतं की आपली चूक डोळ्यांची, आपण बघितलं नाही. आज कळलं की चूक त्याहून आतली होती. आपण बघत होतो ते अशा नजरेने की समोरच्याने लपून बसावं. ज्याने तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत पोचवलं, तो स्वतःचं दुखणं तिच्यापासून लपवत होता. जगातला मधुमेह शोधत ती हिंडत होती, आणि घरातल्या मधुमेहाने तिला बघून दार लावून घेतलं होतं.

ती रडली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्यामुळे आणखीच रडली.

दादाशी असा चटकन समेट झाला, पण वहिनीचं तसं नव्हतं. वहिनी डबा घेऊन यायची, दादाचं सगळं करायची, चिंगीशी कामापुरतं बोलायची. "इंजेक्शन जेवणाआधी ना?" "हो." "बरं." त्यापलीकडे शब्द नाही. घरी सोडायच्या आदल्या दिवशी चिंगी तिला हॉस्पिटलच्या उपाहारगृहात घेऊन गेली. दोन चहा घेतले, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा कप तिने सवयीने वहिनीपुढे ठेवला, आणि ठेवता ठेवता तिचा चेहरा उतरला. तिने कप बदलले.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "आता मला तसाच आवडतो."

"वहिनी, मला तुझी माफी मागायचीय."

"कशाची?"

"दादाची. मी..."

"यांच्या पायाचं म्हणतेस?" वहिनीने कप खाली ठेवला. "त्याचं माझ्याकडे काय मागतेस? त्यात मीही आहेच की. तू काढून दिलेलं त्यांच्या ताटात सरकवणारी कोण? मीच. रागाने सरकवायचे, सांगते तुला. तू मला उपाशी ठेवायचीस ना, मग म्हणायचे, खा तुम्ही, खा, तुम्हाला कुणी बोलत नाही. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही आता. पायाचं आपण दोघी बघून घेऊ. तू मुद्दाम नाही केलंस, मीही नाही केलं."

चिंगी मान खाली घालून ऐकत होती.

"पण माझा आकडा तू मोठ्याने वाचायचीस, चिंगे. शेजारणीसमोर. ते मुद्दाम होतं."

उपाहारगृहात कुणीतरी खुर्ची ओढली. वहिनीचा आवाज चढला नाही, उलट आणखी शांत झाला.

"आणि मला साखर नाही असं निघालं तेव्हा तुझं तोंड पडलं. मी बघितलं. मला आनंद झाला होता गं. आई डोळ्यांसमोर गेलेली, वर्षानुवर्षं मनात भीती. वाटलं, तू उठून मला मिठी मारशील. आणि तू म्हणालीस, सध्या तरी नाही."

"तू म्हणतेस ते खरं आहे," चिंगी म्हणाली. "सगळं खरं आहे. मला हरल्यासारखं वाटलं होतं. मी चूक ठरले म्हणून वाईट वाटलं, तू बरी आहेस म्हणून बरं वाटलं नाही. याला माफी असते की नाही मला ठाऊक नाही."

"मलाही ठाऊक नाही," वहिनी म्हणाली. मग तिचा कप पुढे सरकवून, "चहा गार होतोय, पी."

तेवढ्यावरच ते संपलं. गळ्यात पडणं झालं नाही, की आजपासून सगळं विसरू म्हणणंही झालं नाही.

चिंगीने विभागात एक बदल केला. मोजायच्या खोलीत आकडा बोलून दाखवायचा नाही, लिहायचा आणि त्या माणसाला एकट्याला दाखवायचा, असं तिने सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना बजावलं. सरांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लोक लपवतात, सर." पुढचं सांगितलं नाही. तिचा शोधनिबंध छापून आला. मासिकाचा अंक तिने टेबलाच्या खणात ठेवून दिला. त्यातले आकडे खरे होते आणि पुष्कळांच्या उपयोगी पडणार होते, हे तिला माहीत होतं. पण तो अंक उघडायला हात जायचा नाही.

दादाची जखम भरायला उन्हाळा गेला. रोज संध्याकाळी चिंगी दुकानावरून जायची, त्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा तपासायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. तळव्यात काही टोचलं तर आता त्याचं त्याला कधीच कळणार नव्हतं. कुणाच्या तरी डोळ्यांनाच ते बघावं लागणार होतं. वहिनी शेजारी बसून शिकत होती. पहिले काही दिवस ती नुसती बघायची. मग एकदा तिने चिंगीच्या हातातून कापूस घेतला आणि म्हणाली, "सरक, मला करू दे. तू टाचेकडचं नीट पुसत नाहीस." त्या खेकसण्यात जुनी वहिनी थोडीशी डोकावली, आणि चिंगी मुकाट्याने सरकली.

शरद ऋतूत तिघं बूट करायला गेले. अशा पायांसाठी खास बूट बनवणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याचं छोटंसं दुकान चामड्याच्या आणि डिंकाच्या वासाने भरलेलं असे. त्याने दादाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ काढली. करंगळीच्या जागी पेन्सिल जरा अडखळली, मग पुढे गेली.

"आत मऊ अस्तर घालतो, शिवण कुठेही टोचणार नाही," तो म्हणाला. "पण रोज पाय बघायचा हं. घरात बघणारं आहे ना कुणी?"

"आहेत की," दादा म्हणाला. "ही माझी बायको. आणि ही धाकटी बहीण, मधुमेहाचीच डॉक्टर आहे."

"अरे वा!" म्हाताऱ्याने मान वर केली. "घरातच डॉक्टर! मग तुम्हाला कसली काळजी?"

दादाने नजर पायाकडे वळवली. म्हाताऱ्याला वाटलं आपलं काही चुकलं, तो चष्मा पुसायला लागला. चिंगीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिने कोपऱ्यातल्या लाकडी पावलांच्या साच्यांकडे नजर लावली आणि कुणीतरी बोलण्याची वाट बघत राहिली.

बोलली ती वहिनी. "हो," ती म्हणाली. "येते ती रोज."

ते कौतुक नव्हतं, की टोमणाही नव्हता. खरं होतं तेवढंच तिने सांगितलं. दादाने मोजा चढवला. उठताना त्याने एक हात बायकोपुढे केला आणि दुसरा बहिणीपुढे. दारात पायरी होती. दोघींनी खाली बघून, सांभाळून, त्याला ती उतरवली.